पाहुणीचे रोट

बुधवार, १४ ऑगस्ट
कोची

मयुरी,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आशीर्वाद.

तू माझा फोन नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. सासूला फोनमधून हाकलता येतं, पण जन्मभर फळ्यावर लिहिलेल्या बाईच्या हातातलं पेन कोण काढून घेणार? आणि पाकीट न फोडता तू फेकून देणार नाहीस, एवढं तुला ओळखते. दारामागे उभं राहून ऐकायची सवय होतीच तुला.

आधी कागद बघ. बोटांनी चाचपून बघ. वर सोनेरी अक्षरांत हॉटेलचं नाव आहे. असला कागद खोलीत टेबलावर असाच ठेवलेला असतो, लागेल तेवढा वापरा. शेजारी लिंबं, सफरचंदं आणि केळी ठेवलीत. केळी बघून तुझीच आठवण झाली. तुझ्या बापाच्या मळ्यात खाली पडलेल्या घडालाही यांच्यापेक्षा बरं रूप असतं, हे मात्र खरं सांगते.

नवीनने माझी व्यवस्था कशी केलीय ते ऐक. एक सबंध भिंत काचेची आहे. खाली पाणी, समोर बंदर. तिन्हीत्रिकाळ जहाजं खिडकीवरून जातात, इतक्या जवळून की वरची माणसं कपडे वाळत घालताना दिसतात. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढणारी तू, तुला इथे आणलं असतं तर खुळावली असतीस. न्हाणीघरसुद्धा काचेचं आहे, पलंगावरून आतलं सगळं दिसतं. मी काचेवर दोन साड्या लावून टाकल्या. पैसेवाल्या लोकांना लाज कमी असते, पण गाद्या चांगल्या असतात.

मी नवीनच्या घरी का उतरले नाही, असं तुझ्या मनात आलं असेलच. त्याच्या फ्लॅटला रंग देणं चालू आहे. वासाने आईला खोकला होईल म्हणून त्याने हे हॉटेल घेतलं. असा मुलगा. तू त्याच्यात काय काय खोट काढायचीस!

आता कामाचं. मी रोट घेऊन आलेय.

तुला पुन्हा सांगते, कारण तुझ्या डोक्यात काही राहत नाही. श्रावणात कानबाई देवी घरात बसते त्या वेळी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ घ्यायची, ती दळायची, त्याचे रोट करायचे. ते घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही, लग्न झालेल्या लेकीला नाही, गाईलासुद्धा नाही. आणि श्रावणातल्या पौर्णिमेच्या आत संपवायचे. यंदा आपली कानबाई पुतण्याने, योगेंद्रने बसवली, कारण मी विधवा आणि घरची सवाष्ण यावलला बापाच्या ओट्यावर जाऊन बसलेली. पण नवीनची मूठ मी माझ्या हाताने घेतली. त्याच्या वाट्याचे रोट पितळी डब्यात भरले आणि जळगावहून गाडीत बसले. निघताना शेजारची धुरपदाबाई म्हणते, "बाई, इतला लांब डबा लई जाई राह्यनात, पोऱ्या खाई ना?" मी म्हटलं, माझा मुलगा आहे, न खाऊन जातो कुठे?

इथे दारातच यंत्र आहे, सामान त्यातून जातं. डबा बघून पहारेकरी म्हणाला, उघडा. मी म्हटलं, उघडीन मी, हात लावायचा नाही. त्याने दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. शेवटी कोटवाला साहेब आला आणि हात जोडून हिंदीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्या गेस्ट आहात." आणि डबा न उघडता आत सोडला. गेस्ट. इथे सगळे हाच शब्द म्हणतात. ऐकायला बरा वाटतो.

नवीनने रोट खाल्ले की मी त्याच्याशी बोलणार आहे. घरचे रोट तोंडात असताना माणूस घराला नाही म्हणत नाही. त्याला मी देवपूरला परत आणते. तू तुझं काम कर. किल्ली धुरपदाबाईकडे आहे. पोरीला, मोनालीला घेऊन देवपूरला जा, घर उघड, झाडून काढ. वर्षभर नाक वर करून बसलीस तेवढं पुरे. तुला मी माफ केलं असं समजू नकोस. पण तुझ्यासारखी ऐकून घेणारी दुसरी मिळायची नाही, एवढं मला कळतं.

सुनंदाबाई
(तुझी सासू, अजून तरी)


गुरुवार, १५ ऑगस्ट

मयुरी,

सकाळी हॉटेलच्या हिरवळीवर झेंडावंदन झालं. पाण्याच्या कडेला खांब रोवलेला. स्वयंपाकी, झाडूवाल्या, दारवान सगळे रांगेत. रांग वाकडी होती. मी पुढे जाऊन सरळ करून घेतली. एक गोरा पाहुणा माझे फोटो काढत होता. राष्ट्रगीताला एकाचीही मान हलली नाही, आपल्या शाळेत असं कधी झालं नाही.

नवीन आला होता. सुटी असून घाईत होता. खाली जेवणाच्या हॉलमध्ये बसलो. तिथे सकाळचं खाणं म्हणजे टेबलांची रांगच्या रांग, हवं ते हवं तेवढं घ्या. त्याने काळी कॉफी घेतली आणि चंद्रकोरीसारखा एक पाव. मी म्हटलं, वर चल, रोट खा. म्हणतो, "खातो ना आई, जाताना खातो." जाताना म्हणाला, उद्या खातो. फोन सारखा वाजत होता त्याचा. उचलायचा आणि पाण्याकडे तोंड करून हळू बोलायचा. कामाचा ताण असतो जहाज कंपनीत.

वाळलाय थोडा. पण कपडे छान इस्त्रीचे होते. आता रंगकाम चालू असताना इस्त्री कोण करतं, असं क्षणभर मनात आलं.

तुझं गाऱ्हाणं मला माहीत आहे. तू भावकीत सांगत फिरलीस की सासूने मला एकदाही रोट दिले नाहीत. दिले नाहीत. बरोबर आहे. पहिल्या श्रावणात तुझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, म्हणजे तू पाहुणीच होतीस. दुसऱ्या वर्षी तुझ्या आजोबांचं सुतक. मग पोटात मोनाली होती, आणि पोटातला जीव कोण आहे हे कळल्याशिवाय रोट कसे द्यायचे? मग ती झाली. मग तुला जरा कडक बोलले तर तू दोन दिवस जेवली नाहीस. रुसणाऱ्या बाईला देवीचं काय द्यायचं? दर वर्षी कारण होतं. कारणाशिवाय मी कधी कोणाला शिक्षा केली नाही, वर्गातसुद्धा नाही.

आणि गेल्या वर्षीचं तर आठवायला लावूच नकोस. सगळी भावकी बसलेली, मी सुपात मुठी घालतेय, एकेकाचं नाव घेतेय. नवीन. योगेंद्र. आणि तू दारातून म्हणालीस, "मोनीची पण मूठ घ्या ना, आई." सगळ्यांसमोर. मी म्हटलं, मुलीची मूठ घेत नाहीत, ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाते. तू म्हणालीस, "आणि माझी? मी तर दुसऱ्याच्या घरून आलेय ना? मग मी कोणत्या घरची?" अगदी या शब्दांत. मी म्हटलं, तू पाहुणी आहेस, अजून पाहुणीच आहेस, आणि पाहुणीने पाहुणीसारखं गप्प बसावं. बायका हसल्या. हसणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पोरीला काखोटीला मारून यावलची एसटी पकडलीस.

आता गंमत बघ. माहेरी गेलीस तर तिथेही तुला रोट नाहीत. लग्न झालेल्या लेकीला माहेरचे रोट चालत नाहीत, तुमच्या भावकीतही हाच नियम. म्हणजे इकडचे मी देत नाही आणि तिकडचे तुला कोणी देत नाही. मी नुसती कल्पना करते, यावलला कानबाई बसली असेल, आत सगळे रोट खात असतील आणि तू ओट्यावर बसून भेंडी चिरत असशील. तेव्हा जास्त ताणू नकोस. देवपूरला जा.

मी खोलीच्या दाराला एक पाटी लटकवून ठेवलीय, कोणी आत येऊ नका अशी. इथल्या मुली अंथरूण घालायला येतात तेव्हा दिसेल ते उचलतात, पुसतात, हलवतात. डब्याला हात लागायला नको. माझं अंथरूण मीच घालते.

सुनंदाबाई


शुक्रवार, १६ ऑगस्ट
एकादशी

मयुरी,

नवीन आला नाही. फोन बंद. जहाजावर गेला असेल, तिथे लागत नाही म्हणतात.

आज पुत्रदा एकादशी. तू हसशील. हस.

उपास आहे म्हटल्यावर हॉटेलचा स्वयंपाकी स्वतः वर आला. त्याने साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंदच उकडून नारळ घालून दिला. बरा लागला. तो उभ्या उभ्या विचारत होता, मॅडम फॅमिली कुठे? मी म्हटलं, मुलगा इथेच राहतो, या गावात. त्याने मान हलवली, पण त्याच्या तोंडावरचं मला वाचता आलं. ज्याचा मुलगा या गावात राहतो तो या हॉटेलात कशाला उतरेल, हे त्या भाजी चिरणाऱ्यालासुद्धा पडलेलं कोडं.

मलाही आता पडलंय. हे तुला लिहायचं नव्हतं.

किती भिंती आहेत त्या फ्लॅटला? देवपूरचं आख्खं घर आपण दिवाळीला दोन गडी लावून रंगवतो. तो महिनाभर रंगच देतोय.

तू लगेच आनंदून जाऊ नकोस. तुझ्यामुळेच हे आहे. बायको टिकवता आली नाही तर पुरुष असा वाऱ्यावर फिरतो. तू चार दिवस तोंड मिटून राहिली असतीस तर तो सणाला घरी आला असता आणि मला डबा घेऊन गावोगाव हिंडावं लागलं नसतं. आणि एक सांगून ठेवते. मनात आणलं तर मोनालीला मी तुझ्याकडून काढून घेईन. मुलीची मूठ नसली तरी आडनाव आमचं आहे.

खिडकीत बसून राहिले दिवसभर. एक पांढरं प्रचंड जहाज आलं, इमारतीएवढं. त्यातून माणसं उतरली, टोप्या घातलेली, आणि संध्याकाळी पुन्हा चढून निघून गेली. कोणी कोणाला सोडायला आलं नव्हतं.

उद्या मी त्याच्याकडे जातेय. इमारतीचं नाव मला माहीत आहे, कुरिअरच्या पावतीवर होतं; डिंकाचे लाडू पाठवले होते ना मी. हॉटेलची गाडी सांगितलीय.

सुनंदाबाई


शनिवार, १७ ऑगस्ट

मयुरी,

घरात रंगाचा वास नव्हता. सांबाराचा होता.

दार एका बाईने उघडलं. तुझ्यापेक्षा काळी, तुझ्यापेक्षा उंच, आणि पोट पुढे आलेलं. हो, तसंच. सहावा असेल, मला अंदाज येतो. नाव श्रीलेखा. तिच्या गळ्यात काहीतरी बारीक सोन्याचं होतं. ते मंगळसूत्र आहे की नुसती साखळी हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

तुला हे कळायलाच हवं, म्हणून जसं आहे तसं लिहिते. रडायचं असेल तर मागच्या दारी जाऊन रड, पोरीसमोर नको.

मी नाव सांगितल्यावर तिने वाकून नमस्कार केला. सोफ्यावर बसवलं. ट्रेमध्ये पाणी आणलं, मग चहा आणला. कप कपाटातून काढले, वरच्या खणातून. धुऊन पुसून दिले. पाहुण्यांचे कप. मला कळतं ना, माझ्याही घरात वरच्या खणात आहेत.

आणि समोरच्या खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन एक म्हातारी बसली होती. टीव्ही बघत शेंगा सोलत होती. ती श्रीलेखाची आई. तिथेच राहते. तिच्या औषधांच्या बाटल्या देवाच्या फळीवर, तिची साडी गॅलरीत वाळत. मयुरी, पाय वर घेऊन! त्या घरात माझ्या मुलाची आई म्हणून मी वावरायचं, तर ही दुसरीच बाई वावरत होती, आणि मला रंगाचा वास सोसत नाही म्हणून मी हॉटेलात!

नवीन आतून आला. लुंगी नेसलेला. मला बघून जागच्या जागी थांबला. मग म्हणाला, "आई, फोन करून यायचं ना."

भांडायला मी गेलेच नव्हते. मी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, रोटाचा तुकडा मोडला आणि त्याच्यापुढे धरला. म्हटलं, पौर्णिमा जवळ आली. घे. त्याने हात पुढे केला. खरंच केला. तेवढ्या वेळात त्याचा चेहरा पहिलीत होता तसा झाला होता, मी बघितलं. तुकडा त्याच्या हातात पडला.

आणि ती पुढे आली. काय आहे हे तिला कळलंही नसेल, देवाचं काही आहे एवढं कळलं. डाव्या हातावर उजवा हात ठेवून तिने माझ्यापुढे ओंजळ केली. डोळे मिटले.

मी झाकण लावलं.

मला दुसरं काही करताच येत नव्हतं. तू काय समजायचं ते समज. देवीचे रोट मी कोणाच्याही ओंजळीत टाकू? नवीन म्हणाला, "आई, तिला दे." मी म्हटलं, नाही, बाहेरच्यांना चालत नाहीत. ती पाहुणी आहे.

त्याने तुकडा तोंडात घातला नव्हता अजून. त्याने माझ्या हातातून डबा घेतला, झाकण उघडलं, तुकडा आत ठेवला आणि झाकण नीट दाबून बंद केलं. आणि अहिराणीत बोलला. तुला माहीत आहे, घरात मी अहिराणी बोलू दिली नाही कधी. लहानपणी बोलला म्हणून एकदा पट्टी मारली होती हातावर. मला वाटायचं तो विसरला. हळूच म्हणाला, तिला कळू नये म्हणून:

"आई, हाई घर तिनं शे. पाहुनी तू शेस."

घर तिचं, पाहुणी मी; डबा उचलला आणि निघाले.

तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "हॉटेल आवडलं ना तुला? राहा अजून, आरामात राहा. दर वर्षी येत जा." त्या म्हातारीने निघताना एक पिशवी हातात दिली. पाहुणीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. खोलीवर येऊन उघडली तर केळीचे वेफर्स. खानदेशातल्या बाईला केळीचे वेफर्स!

मुलगा झाला तर त्याची मूठ कुठे घ्यायची, हा विचार रस्ताभर करत होते. मग लक्षात आलं, मला तिथे कोणी विचारणारच नाही.

सुनंदाबाई


सोमवार, १९ ऑगस्ट
पौर्णिमा

मयुरी,

समोर डबा उघडा आहे आणि मी रोट खातेय. आज संपले पाहिजेत. दगड झालेत नुसते. हॉटेलवाल्यांनी दूध दिलंय, त्यात बुडवून ठेवायचा, मऊ झाला की खायचा. दाढ दुखायला लागलीय. पोटात जागा नाही. खातेय. टाकता येत नाहीत आणि देता येत नाहीत. दारात ट्रे न्यायला आलेल्या मुलीने डब्याकडे बघितलं, तिला बिचारीला वाटलं, म्हातारीला भूक फार आहे.

सकाळी खोलीतल्या फोनवरून तुझ्याकडे फोन लावला. इथला नंबर तू बंद केलेला नाहीस, हे मला आधीच सुचायला हवं होतं. मोनालीने उचलला.

"कोन बोलते?"

म्हटलं, आजी बोलते.

"आजी तं गोठ्यात गेली. तुमी कोन?"

तिची भाषा पार बिघडवलीस. आल्यावर आधी ती दुरुस्त करावी लागेल.

मग तू आलीस फोनवर. मी जे बोलले ते बोलले. घर रिकामं आहे, देव पारोसे आहेत, मी उद्याच्या गाडीने निघते, गुरुवारी देवपूरला पोचेन, तू ये. हे सगळं मी सांगितलं. श्रीलेखाचं सांगितलं नाही, पत्र मिळेलच. रडले वगैरे नाही मी, लाइन खराब होती. आणि तू म्हणालीस, "बरं. मी देवपूरला येऊन जाते."

आलीस ना शेवटी वठणीवर! मला माहीत होतं. माहेरचा ओटा किती दिवस पुरतो?

तेव्हा आता नीट ऐक. वरची खोली तुला आणि मोनालीला. नवीनचं नाव घरात काढायचं नाही. कोणी विचारलं तर जहाजावर आहे म्हणायचं. सकाळचा चहा मला साडी नेसून व्हायच्या आत लागतो, तुला माहीत आहे. आणि पुढच्या श्रावणात मोनालीची मूठ घेईन मी. सव्वा नाही, एक. भावकीला कळायला नको.

आणखी एक, फोनवरही सांगितलं ते. दोन रोट मी बाजूला काढून ठेवलेत. तुझ्यासाठी. पौर्णिमा आज सरेल, पण देवीला सांगितलंय की प्रवासात होते, उशीर झाला. तू मागत होतीस ना? घे. मी आल्यावर माझ्या हाताने देईन. पाहुणी म्हणून नाही.

घर उघडून ठेव. दिवा लाव. मी पोचेन तेव्हा आत कोणीतरी असायला हवं.

सुनंदाबाई


बुधवार, २१ ऑगस्ट
देवपूर

ती. सुनंदाबाई यांस,
साष्टांग नमस्कार.

येऊन जाते म्हटलं होतं, तशी येऊन गेले. घर उघडलं, झाडलं, हंडा भरला. वरच्या खणातले कप धुऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेत. पाहुणी यायची असली की आमच्याकडे एवढं करतात. माझे आणि मोनीचे राहिलेले कपडे नेले, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. हवं तर धुरपदाबाईंना विचारा, त्या दारात उभ्या होत्या.

तुमची पहिली तीन पत्रं मिळाली. चौथं कदाचित वाटेत असेल. चौथ्यात काय असेल ते मला माहीत आहे. त्या बाईचं मला कधीचं माहीत आहे, मी देवपूरला होते तेव्हापासून. तुम्हाला सांगितलं नाही. घरातली गोष्ट पाहुण्यांनी सांगायची नसते, असं तुम्ही शिकवलं होतंत.

मी ओट्यावर भेंडी चिरत असेन, असं तुम्ही लिहिलंत. यंदा आमच्याकडे कानबाई बसली तेव्हा आबांनी सुपात दोन मुठी जास्त घातल्या. एक माझी, एक मोनीची. सव्वा-सव्वा. भावकीत कुजबुज झाली. काका म्हणाले, निंबाभाऊ, दिलेल्या लेकीची मूठ घेत नाहीत. आबा म्हणाले, "पोरगी माह्या घरी राह्यते, मंग रोट कोनाच्या घरचे खाईन?" दोघं-तिघं न जेवता उठून गेले. आबांनी त्यांना थांबवलं नाही.

रोट मी जन्मात पहिल्यांदा इतके पोटभर खाल्ले. लहानपणी खाल्लेले आठवत नव्हते. मोनीला आवडले नाहीत, ती म्हणाली, यात साखर कमी आहे. तरी तिने तिचा वाटा संपवला.

फोनवर तुम्ही म्हणालात, दोन ठेवलेत माझ्यासाठी. मला ते चालत नाहीत. एका घरचे रोट खाल्ले की दुसऱ्या घरचे खायचे नसतात. नियम तुमचाच आहे. शेजारी देऊ नका, गाईला घालू नका, तेही तुम्हाला माहीत आहे. तुमचे तुम्हीच संपवा.

मोनी विचारत होती, फोनवर कोण होतं. मी सांगितलं, देवपूरच्या बाई.

किल्ली धुरपदाबाईंकडे दिली आहे. दिवा लावलेला नाही, कारण घर बंद करून चाललेय. आत कोणी नाही.

कळावे,
मयुरी निंबा पाटील
यावल